वेगळा कप

स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्याहून आळेफाट्याला निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर बोचकं, नाकातोंडावर पदर आणि पदराचं टोक दातात घट्ट धरलेलं. एका बंगल्यात आठ वर्षं भांडी घासत होती. मालकाचा मुलगा परदेशातून ताप घेऊन आला, त्याची ताटंही हिनेच धुतली. तो बरा झाला आणि बाईंनी हिला काढलं. वस्तीतून रोग आणशील, म्हणाल्या.

"भाऊ, आठ वर्सं माझा चहाचा कप येगळा व्हता. ग्यालरीत, फडक्याखाली," ती म्हणाली. "पोराला ताप आला तवा त्याचा कप न्हाई कुणी येगळा केला."

बोलता बोलता ती खोकली. कंडक्टर लांबूनच खेकसला, "मावशी, मागं जाऊन बसा." ती बोचकं उचलून मागे गेली. मीही सकाळपासून खोकत होतो, पण माझ्या तोंडावर विकतचा मास्क होता, मला कोण बोलणार?

त्या बंगल्याचा मला नुसता संताप आला होता. मंचरला ती उतरली. गाडीत माणसं उभी होती, तरी माझ्या शेजारच्या तिच्या जागेवर आळेफाट्यापर्यंत कुणी बसलं नाही. मी माझी पिशवीसुद्धा तिथे ठेवली नाही.