चार नारळ आणि एक सोपी पायवाट

आमच्या घरातली चार माणसं एका सोप्या पायवाटेवरून फिरायला गेली आणि येताना चार नारळ, एखाद्या मुंजीला पुरतील एवढे तांदूळ आणि टोपलीभर द्राक्षं घेऊन आली. हे सगळं वाहणारी व्यक्ती मात्र एकच होती. मी!

पायवाट मीच शोधली होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर सगळ्यांनी मला ते इतक्या वेळा सांगितलं की आता लपवण्यात अर्थ नाही. विजापूरच्या अलीकडे द्राक्षमळ्यांतून ही वाट जाते. मध्ये दोन लहान गावं लागतात. तिथले लोक वाइनची द्राक्षं पिकवतात, आणि वाट संपते ती त्यांच्याच वायनरीपाशी. 'सोपी, निसर्गरम्य, सर्व वयाच्या लोकांसाठी' असं साइटवर लिहिलं होतं. नाव-नंबर देऊन साइटवरच मी आमची नोंदणी केली होती. चार वाजता वायनरी आतून दाखवतात आणि शेवटी थोडी वाइन चाखायला देतात. ("घेतलीच पाहिजे असं नाही ना?" अप्पांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले, असं मला वाटलं.)

खरं तर मला द्राक्षांशी काही देणंघेणं नव्हतं. मला बेंगळूरला जायचं होतं. गोकुळ रोडवरच्या आमच्या ऑफिसने मला तिथल्या शाखेत बोलावलं होतं आणि अप्पा परवानगी देत नव्हते. अप्पा धारवाडच्या कोर्टात वकील आहेत. घरीसुद्धा ते आधी हरकत घेतात आणि मग विचारतात, काय झालं?

"तू एकटी राहणार?" ते म्हणाले. "अगं, तुला रिक्षावाल्याला 'इथे थांबवा' म्हणता येत नाही! परवा केलगेरीत घरासमोरून पुढे गेलीस आणि तळ्यापासून चालत परत आलीस."

"ऊन नव्हतं फार," मी म्हणाले.

"ऊन जाऊ दे. तुला नको म्हणता येत नाही, हा मुद्दा आहे. तिथे कुणीही काहीही तुझ्या गळ्यात बांधेल."

हा आरोप मला मान्य नव्हता. (दारावर आलेल्या बाईकडून घेतलेले तीन झाडू अजून माळ्यावर आहेत, हे खरं. पण ती बोलायची थांबतच नव्हती!)

शेवटी तह झाला. एका दिवसाची सहल मी ठरवायची, मीच न्यायची आणि कुणाच्या मदतीशिवाय सगळ्यांना नीट परत आणायचं. जमलं तर बेंगळूर, नाही तर गोकुळ रोड. निकाल द्यायला अळणावरहून मावशी आली. निकालापेक्षा तिला द्राक्षांत जास्त रस होता, पण ते चालण्यासारखं होतं.

ही वाट मी विचार करून निवडली होती. तिच्यावर गाइड नव्हता. दगडांवर पिवळे बाण रंगवलेले होते, म्हणजे कुणाशीही बोलायची गरज नव्हती. गाडी सुरुवातीलाच लावली. तारांवर चढवलेल्या वेलींच्या रांगा, पानांखाली लपलेले काळे बारीक घोस, दोन रांगांमधली लाल माती, वर स्वच्छ आकाश. सगळं साइटवर होतं तसंच होतं. मी मनातल्या मनात बेंगळूरची बॅग भरायला घेतली.

मग पहिलं गाव आलं.

पहिल्याच घराच्या दारात एक बाई उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने आईच्या आणि मावशीच्या कपाळाकडे पाहिलं. "बर्री अक्कार, वळग बर्री! नीर कुडदु होग्री." आत या, पाणी पिऊन जा.

"राहू दे हो, कशाला," आई कन्नडमध्ये म्हणाली आणि बोलता बोलता चप्पल काढली.

पाणी झालं. चहा झाला. माहेर कुठलं, सासर कुठलं, अळणावरला पाऊस किती, हे झालं. मी पाच मिनिटांनी एकदा घड्याळ बघत होते, ठळकपणे, सगळ्यांना दिसेल असं. आई उठली. मी उठले. तेवढ्यात ती बाई आतून सूप घेऊन आली. सुपात तांदूळ, दोन नारळ, दोन खण! उडी भरल्याशिवाय सुवासिनींना उन्हात कसं पाठवायचं? आपल्याकडे ओटी, त्यांच्याकडे उडी. नारळ तोच आणि वजनही तेच.

आई आणि मावशीने पदर पुढे केले. दोघींच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं की जणू सगळी सहल याच्यासाठीच काढली होती. आता रिकाम्या हाताने कसं निघायचं, म्हणून आईने आमच्या दुपारच्या जेवणाचा डबा उघडला आणि त्यातल्या शेंगांच्या पोळ्या त्या बाईच्या मुलांना देऊन टाकल्या. सगळ्या!

बाहेर आल्यावर पदरातलं सगळं माझ्या नव्या कोऱ्या बॅगेत गेलं.

"आई, हे इथेच ठेवू या ना," मी म्हणाले. "परत जाताना गाडीतून घेऊ."

"ओटी अशी ठेवतात का कुठे? आणि बॅग खाली टेकवू नकोस."

"मग नारळ तरी अप्पा घेतील."

अप्पा दोन पावलं मागे सरले. "पुरुषांनी ओटीला हात लावायचा नसतो."

(याच माणसाने गेल्या गौरीला ओटीतला नारळ फोडून पोह्यांवर खोबरं घालून खाल्लं होतं! तेव्हा हात कुणाचा होता?)

"मावशी, तू?"

"मी घेतला असता गं राणी, पण माझा गुडघा."

मावशीचा गुडघा चढावर दुखतो. वाट सपाट होती. मी काही बोलले नाही. मी कधीच काही बोलत नाही, हाच तर खटल्याचा विषय होता.

दुसऱ्या गावात शिरण्याआधी मी आईला बजावलं, "आता कुणी बोलावलं तर नको म्हणायचं. स्पष्ट." आई हो म्हणाली. तिथल्या बाईने बोलावल्यावरही आई हो म्हणाली. इथे मालक घरी होते आणि त्यांचा शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू होता. अप्पा वकील आहेत हे मावशीने त्यांना कळवलं. (कुणी विचारलं होतं?) मग अप्पा बाजेवर मांडी घालून बसले, बांध कुणी सरकवला याची उलटतपासणी सुरू झाली आणि आत आई-मावशीची ओटी भरली गेली. आणखी दोन नारळ, आणखी तांदूळ, आणि मळ्यातली म्हणून टोपलीभर द्राक्षं. टोपली बॅगेत मावत नव्हती. ती माझ्या हातात आली.

या सगळ्यात माझा फोन एका अनोळखी नंबरवरून सारखा वाजत होता. अनोळखी नंबर मी उचलत नाही. ओळखीचेही मी वाजून संपू देते आणि मग मेसेज करते. हात मोकळे नव्हते, हे त्या दिवशी एक चांगलं कारण मिळालं.

साडेतीन वाजले होते. पोटात एक चहा आणि दुसरा चहा, एवढंच होतं. पाठीवर नारळ एकमेकांवर आपटत होते, तांदळाची पिशवी फुटून दाणे माझ्या सनस्क्रीनला चिकटले होते. आणि पुढे चालणारी तिघं, मोकळ्या हातांची, वेलींचे फोटो काढत होती! माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. एकट्या मुलीला नको म्हणता येत नाही म्हणून बेंगळूर बंद, आणि या तीन मोठ्या माणसांना एका दिवसात एकदाही नको म्हणता आलं नव्हतं! मी ठरवलं. आता जो कुणी येईल त्याला मी नको म्हणणार. पहिला माणूस. कुणीही असो.

पहिला माणूस ट्रॅक्टरवरून आला. मागच्या ट्रॉलीत गादी घातली होती. आमच्याजवळ येऊन त्याने ट्रॅक्टर थांबवला. "हत्री अक्कार, बेग हत्री!" बसा, लवकर बसा.

"ब्याड्री!" मी म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. "नावु नडकोत होगतेव्री!" आम्ही चालत जाणार!

"अल्री, निमसलुवागी…" अहो, तुमच्यासाठीच…

"ब्याड अंद्र ब्याड!" नको म्हणजे नको!

तो बिचारा दचकला आणि ट्रॅक्टर वळवून निघून गेला. मग अप्पांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास! हे पाहिजे बेंगळूरला!"

"काय आवाज गं हिचा," मावशी म्हणाली. "घरात कुठे ठेवते हा आवाज?"

मी मान ताठ करून चालू लागले. शेवटचा टप्पा चढाचा निघाला. (साइटवर नव्हतं!) घामाने डोळ्यांत सनस्क्रीन उतरलं, पण मी हरले नव्हते.

वायनरीच्या फाटकावरच्या रखवालदाराने माझ्याकडचे नारळ पाहिले आणि पूजा कुठल्या मशीनची आहे, असं अदबीने विचारलं. तोवर आतून मॅनेजर धावत आले.

"धारवाडची मंडळी का? अहो, चार केव्हाच वाजून गेले! तुम्हाला उशीर होतोय म्हणून आम्ही ट्रॉली पाठवली, फोनवर फोन केले. ड्रायव्हर परत येऊन सांगतो, एक बाई अंगावर धावून आल्या!"

तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. 'बाई' या शब्दाबद्दल मला बोलायचं होतं, पण ती वेळ नव्हती.

"म्हणजे चाखायचं पण संपलं?" अप्पांनी विचारलं. इतक्या दुखावलेल्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

ते पण संपलं होतं. गाडीपर्यंत आम्हाला त्याच ट्रॉलीतून सोडलं. ड्रायव्हरने आधी मला, लांबूनच, विचारून घेतलं, "हत्तीर्येन्री?" बसणार ना?

धारवाडच्या वाटेवर मावशी द्राक्षं खाण्यात गुंतली होती, म्हणून निकाल अप्पांनीच दिला. "वेळेत पोचवलं नाहीस. वायनरी दाखवली नाहीस. फोन उचलला नाहीस. पण नको म्हणालीस. चुकीच्या माणसाला म्हणालीस, तरी म्हणालीस. जा बेंगळूरला."

मला मागच्या सीटवर रडू येणार होतं. तेवढ्यात आई वळून म्हणाली, "पहिला महिना मी येते हो सोबतीला. मावशीलाही घेऊन येते. चालेल ना तुला?"

मी खोल श्वास घेतला. एकच शब्द म्हणायचा होता. दुपारी तर तो ट्रॅक्टरच्या आवाजावरून ऐकू गेला होता.

"का गं? नको का?" आईने विचारलं.

"छे, नको कशाला?" मी म्हणाले. "या ना."

पहिला महिना संपून बरेच दिवस झाले. बेंगळूरच्या माझ्या एका खोलीत आम्ही तिघी राहतो. पलंग त्या दोघींचा आहे, म्हणून हे मी गॅलरीत बसून लिहिते आहे. त्यांना स्पष्ट सांगायचं माझं ठरलेलंच आहे. फक्त त्या बोलायच्या थांबायला हव्यात.