मार्लीसची दोन सेकंदं

मार्लीस ओल्सेथला राग आला की ती ओरडत नाही, साफसफाईला लागते. त्या सोमवारी अमेरिकेतल्या डलूथच्या ऑफिसात तिनं कॉफीचं यंत्र तीनदा घासलं, तेव्हाच लोकांनी लांब सरकायला हवं होतं.

झालं होतं असं. त्यांचा सर्व्हर आईबापांच्या फोनवर शाळेची बस कुठवर आली ते दाखवतो. त्यात दोनशे थ्रेड. दोनशे कारकून समजा. प्रत्येक कारकून बसचा पत्ता सांगण्याआधी बाहेरच्या एका हवामान कंपनीला तापमान विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत फोन कानाला लावून उभा. त्या सकाळी पलीकडून उत्तरच येईना. ना होय, ना नाही, नुसती शांतता. पाच मिनिटांत दोनशेच्या दोनशे ताटकळत, आणि नकाशावरची बस मात्र ‘आलीच, आलीच’ म्हणत जागच्या जागी. पोरं चाळीस मिनिटं बर्फात उभी. एका सात वर्षांच्या मुलीची बोटं पांढरी पडली.

मार्लीसनं तिथं दोन वर्षांपूर्वीच दोन सेकंदांची मुदत घातली होती. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर तापमान गेलं खड्ड्यात, बस दाखवा. साहेबांनी, म्हणजे किप डोनेलीनं, ती लगेच काढायला लावली. का? तर मुदत संपली की भिंतीवरच्या पडद्यावर लाल ठिपका उमटायचा, आणि पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नव्हतं!

दुपारी बैठक. “इथं कुणाला दोष द्यायचा नाही,” किपनं सुरुवात केली. दोष न देणं हा या धंद्यातला रिवाजच, आणि चांगला रिवाज. पण किपच्या हातात त्या रिवाजाची छत्री होते, स्वतःला झाकायला. “उपाय सोपाय. दोनशेचे चारशे थ्रेड करू.”

“म्हणजे चारशे बावळट उभे राहतील,” मार्लीस म्हणाली. “उद्या साडेसहाला परत बस सुटणार, किप. मुदत घालू दे.”

“तू चिडलीयस.”

“हे कळायला तुला दोन वर्षं लागली? त्या हवामानवाल्यांच्यात शोभशील बघ.”

चाचणी करणाऱ्या रेमीनं हसू खोकल्यात लपवलं.

“पुढच्या महिन्यात बोलू यावर,” किप उठलाच.

“खाली बस,” मार्लीस म्हणाली.

तिनं चाचणीच्या सर्व्हरवर चारशे थ्रेड चढवले, हजारभर खोटे आईबाप सोडले, आणि हवामानाच्या जागी कधीच उत्तर न देणारी खोटी कंपनी बसवली. “घे माझा फोन. तुझ्या मुलीची, ऑड्राची, बस शोध.”

दहा मिनिटं बस हलली नाही. किपचे कान लाल झाले.

“घाल मुदत,” तो पुटपुटला. “पण या घोळाच्या अहवालात नावं नकोत हं.”

“नावं नाहीच घालत, बाबा. तारखा घालते. कधी घातली, कधी काढली, का काढली, आणि त्या पोरीची बोटं कधी पांढरी पडली.”

आणि तिथंच, त्याच्यासमोर, ती लिहायला बसली.