बुर्गाच्या गायी आणि बिअरचा चोथा

बुर्गा हेनेमान माझी शेजारीण. आईबाप गेल्यावर तिनं लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही आणि गोठाही सोडला नाही. बाव्हेरियाच्या आमच्या कोपऱ्यात गावागणिक बिअरची एक भट्टी असते. आमच्या गावात ती फाइट लाखनरची. भिजवलेल्या सातूचा गोड रस बिअरसाठी काढून घेतला की मागं ओला, वाफाळता चोथा उरतो. तो न्यायला बुर्गाचा बाप बैलगाडी घेऊन जायचा, बुर्गा ट्रॅक्टर घेऊन जायची.

भट्टीच्या दारात फाइटची आणि तिची चकमक ठरलेली.

“बुर्गा, माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा तुझ्या गायीच जास्त खूश दिसतात.”

“त्या घरी जाऊन कुणावर ओरडत नाहीत, म्हणून तसं दिसतं,” असं म्हणत ती फावडं उचलायची.

ट्रॅक्टर वळणावर आला की गोठ्यातून हंबरणं सुरू व्हायचं. गव्हाणीत चोथा पडला की गायी नाकापर्यंत माखून खायच्या. उघडा चोथा दोन-तीन दिवसांत नासतो. म्हणून जास्तीचा आला की बुर्गा तो मुरघासासारखा खड्ड्यात भरायची, ट्रॅक्टर फिरवून दाबायची, वर ताडपत्री आणि तिच्यावर जुने टायर. बापानं शिकवलं तसं.

त्या वर्षी जत्रेसाठी फाइटनं रग्गड बिअर काढली आणि बुर्गाचा खड्डा काठोकाठ भरला. थंडीत तिनं तो उघडला. वास छान होता, आंबूसगोड. मी स्वतः हुंगून पाहिलं होतं.

मग एका सकाळी ती कुंपणाशी आली. “जरा येतेस? ब्लेस उठत नाहीये.”

ब्लेस तिची सगळ्यात दुधाळ गाय. ती पाय पोटाखाली घेऊन बसली होती. ताप नाही, जखम नाही. डोळे स्वच्छ, कान आमच्याकडे वळलेले. फक्त तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि समोरचा घास तसाच पडला होता. आम्ही दोघींनी खांदा लावून पाहिलं. ती उठायचा प्रयत्न करत होती, हे हाताला कळत होतं. अंगच तिचं ऐकत नव्हतं.

गुरांच्या डॉक्टर इमके हार्म्स आल्या. उत्तरेकडच्या, तुटक बोलणाऱ्या बाई. त्यांनी ब्लेसची जीभ बाजूनं बाहेर ओढली आणि सोडली. जीभ तशीच लोंबत राहिली, आत गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी गव्हाणीत वाकून पाहिलं.

“चोथा कुठला घालताय?”

“खड्ड्यातला.”

“बंद करा. आत्ताच्या आत्ता. दूधही डेअरीला देऊ नका.”

त्या स्वतः फावडं घेऊन खड्ड्यात उतरल्या. चोथ्याच्या थरात खालच्या अंगाला त्यांना लाल केस सापडले, मग छोटी हाडं. मांजर. कुणाचं, ते सांगता येईना. गावात अशी पुष्कळ फिरतात. भरताना ऊब पाहून चोथ्यात शिरलं असेल, की ट्रॉलीतूनच मेलेलं आलं, काही कळायला मार्ग नव्हता.

“बंद जागी मेलेलं जनावर कुजलं की विष तयार होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ना वास, ना चव. ते सगळ्या चोथ्यात पसरलंय.”

“औषध काय?”

“गायींसाठी माझ्याकडे काही नाही. ज्यांच्या पोटात कमी गेलंय, त्या कदाचित वाचतील.”

“आणि ब्लेस?”

“तिला सगळं कळतंय, हेनेमानबाई. दुखत नसावं. पण आधी गिळणं जातं, मग श्वास.”

संध्याकाळपर्यंत आणखी दोन गायी बसल्या. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळा गोठा. बुर्गा त्यांच्या अंगाखाली पेंढा सारत होती, कूस बदलून देत होती, ओल्या फडक्यानं तोंडं पुसत होती. त्या मान वळवून तिच्याकडे बघत. तिनं काहीतरी करावं अशा नजरेनं. ती पाण्याची बादली धरी, गायी नाक बुडवत आणि पाणी तसंच खाली सांडे.

“मी माझ्या हातानं घातलं,” ती मला म्हणाली. “एकीनं मान फिरवली, तर चुचकारून घातलं.”

मी म्हणाले, “अगं, तुला काय ठाऊक?”

“तेच तर. ठाऊक असतं तर?”

डॉक्टरीणबाईंनी एकेकीला इंजेक्शन देऊन झोपवलं. प्रत्येक वेळी बुर्गा डोकं मांडीवर घेऊन बसली आणि नाव घेत राहिली. मेलेली गुरं नेणारा ट्रक अंगणात शिरला तेव्हा मात्र ती घरात गेली. ड्रायव्हरला कुठली गाय कुठं आहे ते मीच दाखवलं.

आल्मा नावाची एक तेवढी वाचली. ती तेव्हा नुकती व्यालेली, खाण्यावर वासना नसलेली. तीही कित्येक आठवडे डळमळत चालायची.

बर्फ वितळल्यावर फाइट न सांगता चोथ्यानं भरलेली ट्रॉली घेऊन आला. वाफा निघत होत्या.

“ताजा आहे, बुर्गा. आत्ताच काढलाय. साठवू नकोस, आजच घाल.”

“दिसतंय मला ताजा आहे.”

“मग?”

“हात धजत नाही रे.”

फाइटनं टोपी काढली, परत घातली. “लोक मला विचारतात, तुझ्या बिअरमध्ये तर काही नाही ना. आपल्या दोघांत चूक कुणाची, तेवढं तरी कळायला हवं होतं.”

“कुणाची असती, तर बरं झालं असतं,” बुर्गा म्हणाली.

त्यानं ट्रॉली परत नेली. आता त्याचा चोथा गॅस बनवणाऱ्या प्लँटला जातो. बुर्गानं कुरण भाड्यानं दिलं आणि शहरातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं. आल्माला ती फक्त सुकं गवत घालते. तेही आधी मूठमूठ पसरून, बोटांनी चाचपून. दूध फार उतरत नाही. पाहुणे म्हणतात, विकून टाक. ती ऐकून घेते आणि कॉफी ओतते.