तुडुमाजवळच्या चपला

चंद्रपूर स्टेशनवर हमालाने माझी पिशवी उचलली आणि तशीच पुन्हा खाली ठेवली.

"काय भरलं बाई यात? गिट्टी?"

गिट्टी नव्हती, होडी होती. हवा भरायची रबरी कयाक, पंप, दोन तुकड्यांचं वल्हं, लाइफ जॅकेट, शिट्टी, दोर आणि गळाची काठी. चिपळूणला शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे बिऱ्हाड पाठीवर घेऊन मी हिंडते. नवीन पाण्यावर जायचं तर काय काय बघायचं, याची एक यादीच माझ्या वहीत आहे. वाऱ्याची दिशा, पाण्यातले खुंट, बाहेर पडायच्या जागा, अशा चौदा ओळी. त्या यादीचा मला भारी अभिमान होता. होता म्हणते, कारण पुढे तो उतरला.

मूल गावाला जाणारी एसटी धानाच्या (भाताच्या) शेतांमधून चालली होती. कापणी सुरू होती, बांधांवर पेंढ्या पडल्या होत्या आणि मधूनच जंगल रस्त्यापर्यंत येऊन उभं राहत होतं. शाळेतले माझे एक सहकारी मूळचे इकडचे. त्यांनी मूलच्या अलीकडच्या एका गावातल्या सखारामभाऊंकडे माझी सोय केली होती. सखारामभाऊ ढिवर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. वय साठीच्या पुढचं, अंग वाळक्या शेंगेसारखं. फाट्यावर घ्यायला आले, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "डोंगा पिशवीत घालून आणला म्हणते? बाप्पा!"

डोंगा म्हणजे एकाच लाकडातून कोरलेली अरुंद होडी. त्यांचा तळ्यावर होता.

घरी त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि सुक्या झिंग्यांची (बारीक कोळंबीची) चटणी वाढली. कोकणातली बाई सुक्या माशांचं काय नवल करणार, पण मी चटणी तीनदा मागून घेतली. चौथ्यांदा त्यांनी न विचारताच वाढली.

संध्याकाळी सखारामभाऊंबरोबर तळ्याची पाळ (बांध) चालून आले. मोठं जुनं तळं. अलीकडे गाव, पलीकडे जंगल, उजव्या कोपऱ्यात मूलकडे जाणारी सडक. पाळीच्या मध्यावर तुडुम, म्हणजे शेताला पाणी सोडायचं दगडी दार. मी वही काढून उलटतपासणी घेतली आणि भाऊंनी न कंटाळता उत्तरं दिली. तुडुम उघडं असलं की जवळ जायचं नाही, पाणी खाली ओढतं. दुपारी वारा सुटतो आणि जंगलाकडे लोटतो. पलीकडच्या कमळांत शिरायचं नाही, देठं अंगाला गुंडाळतात. "अन् तथी उतराचं तं नाईच. सांजेले वाघ पाण्यावर येते." जाळं टाकायचं नाही, गळाने घरापुरत्या मरळी धरायला त्यांच्या मच्छीमार संस्थेची हरकत नव्हती.

निघताना त्यांनी तुडुमाजवळचा सपाट दगड दाखवला. त्यावर तीन-चार जोड चपला होत्या.

"जो पाण्यात जाते त्याची चप्पल इथी राह्यते. निंगाला का घालून घरी जाते. दिवस बुडाच्या टायमाले चप्पल दिसली, का आमी पाण्यात."

"अरे वा, म्हणजे हजेरीच की!" मी म्हटलं आणि वहीत लिहूनही घेतलं. कसली गंमतशीर पद्धत, चिपळूणला गेल्यावर सांगू सगळ्यांना! तेवढ्यासाठीच लिहिलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला दगडावर काढल्या, पाण्यात घालायचे रबरी बूट चढवले आणि कयाक सोडली. पाणी आरशासारखं होतं. खुंट दिसले की वळसा घालत होते. दोन तासांत एक मरळ लागली, चांगली कोपरापर्यंत लांब. दुसरी दोरा तोडून पळाली. तिला मी शाळेत कधी वापरले नसतील असे शब्द वापरले.

दुपारी वारा आला. आधी डोक्यावरची पिवळी टोपी उडाली आणि कमळांकडे गेली. हात पुढे करणार होते, पण यादी आठवली. टोपीमागे जायचं नाही. वाऱ्याशी भांडायचं नाही, आडवं कापत जवळचा सुरक्षित काठ गाठायचा. दात-ओठ खात वल्हं मारलं आणि अर्ध्या तासाने सडकेच्या कोपऱ्याला लागले. दंड भरून आले होते, पण मनातल्या मनात मी स्वतःला दहापैकी दहा गुण दिले.

आता हवा काढलेली कयाक पाठीवर घेऊन पाळीवरून गावात जायचं म्हणजे तासभराची पायपीट. तेवढ्यात मूलची काळीपिवळी (वडाप जीप) आली. म्हटलं, चला, मूल बघून होईल, संध्याकाळच्या एसटीने परत येऊ. ड्रायव्हरने पिशवी टपावर टाकली, मरळ ओल्या पोत्यात गुंडाळून पायाशी ठेवली. मूलला राइस मिलांच्या भुशाचा वास बाजारभर पसरला होता. मी पोहे खाल्ले, दोनदा चहा प्याले, कौसल्याबाईंसाठी बांगड्या घेतल्या. मोबाइलला रेंज आली तेव्हा सखारामभाऊंना कळवावं असं वाटलं, पण त्यांचा नंबरच घेतला नव्हता. पायात बूट होते, त्यामुळे चपलांची आठवण यायचं काही कारणच नव्हतं.

परतीची एसटी फाट्यावर थांबली तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता. गावात शिरले तर रस्त्यावर माणूस नाही. सगळं गाव पाळीवर उभं होतं.

मला वाटलं, वाघ दिसला असेल. तशीच पिशवी घेऊन पाळीवर चढले. दगडावर एकच जोड होता. माझा. त्याच्याशेजारी कौसल्याबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं, पुन्हा चपलांकडे बघितलं आणि एकदम ओरडल्या, "कुठी गेल्ते बाई तुमी? काऊन असं केलं?"

तळ्यात दोन डोंगे बांबूने तळ चाचपत होते. आणि पार पलीकडे, जंगलाला लागून, कमळांत एकच डोकं दिसत होतं. दिसायचं, पाण्याखाली जायचं, पुन्हा दिसायचं.

"टोपी दिसली तुमची कमळात," कौसल्याबाई म्हणाल्या. "तवापासून हे बुड्या मारून राह्यले. याहीचा लहाना भाऊ तथीच गेला जी. पायात चपला घालून गेल्ता. आमाले वाटलं सासरवाडीले गेला. दोन दिवस आमी जेवलो, झोपलो, कोणी पाह्यलंच नाई. तवापासून दगडावर चपला ठेवतो. चप्पल इथी हाये तोवर घरी कोणी जेवत नाई."

म्हणजे तो माणूस सकाळपासून उपाशी होता, ज्या देठांनी भावाला धरलं त्याच देठांत मला शोधत होता, आणि वाघ पाण्यावर यायची वेळ झाली होती. मी पोटभर पोहे खाऊन आले होते.

पाळीवरून सगळे हाका मारत होते, पण वारा आता गावाकडे फिरला होता. पलीकडे ऐकूच जाईना. मग मला शिट्टी आठवली. पिशवीतून लाइफ जॅकेट उपसलं आणि जीव खाऊन शिट्टी वाजवली. एकदा, दोनदा. डोकं पाण्याखाली गेलं. वर येईना. एवढ्यात कौसल्याबाईंनी माझा दंड धरला. तो धरलेला दंड मला अजून आठवतो. डोकं वर आलं, मी पुन्हा शिट्टी फुंकली, आणि या खेपेला ते वळलं. भाऊंनी हात वर केला. मी दोन्ही हात वर केले आणि पाळीवर सगळ्यांसमोर मोठ्याने रडले.

डोंग्याने त्यांना आणलं. ओठ काळेनिळे, मांड्यांना देठांचे वळ. चिडतील, दोन शब्द सुनावतील, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी हातातली माझी टोपी पिळली आणि मला दिली.

"चपला घाला बाई," ते म्हणाले. "मंग सारे घरी जातीन."

मी चपला घातल्या. खरोखर, तेव्हाच लोक हलले. पस्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, न सांगता घरी गेलेल्या मुलींना वर्गाबाहेर उभं केलं. मला कोणी उभं केलं नाही. त्या रात्री कौसल्याबाईंनी मरळीचा रस्सा केला आणि पहिला तुकडा मलाच वाढला. बांगड्या दिल्या तर भरूनही घेतल्या. एवढ्याने माझी लाज कमी झाली असती तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनीच पाण्यावर पाठवलं. दहाच्या आत परत आले, चपला घातल्या आणि ओरडून सांगितलं, "घातल्या हो!" पाळीवरच्या बाया हसल्या. वहीतल्या यादीत पहिल्या ओळीच्याही वर जागा करून लिहिलं: काठावर कोण वाट बघतंय, ते विचारणे.

निघताना भाऊंचा नंबर घेतला. फाट्यावर ते एवढंच म्हणाले, "पोचल्या का फोन करजा."

चिपळूणला घरी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. घरात वाट बघणारं कोणी नाही, त्यामुळे पोचल्याचं कळवायची सवयच मला उरली नव्हती. पिशवी ओसरीवर टाकली, पंखा लावला, अर्धा तांब्या पाणी प्याले आणि मग एकदम आठवलं. घाईघाईने फोन लावला. पहिल्याच घंटीला भाऊंनी उचलला.

"पोचले भाऊ. दारात चपला काढल्या."

"बरं झालं बाई," ते म्हणाले, आणि आत हाक मारली, "वाढ वं, जेवतो आता."