बाजेनं मोजलेली घरं

दाजी, लोक अजून तुम्हाला मापाचा पक्का माणूस म्हणतात. मी तुमची मेहुणी, मला खरं ठाऊक आहे. तुम्ही आता अडवायला नाही, तेव्हा ऐका तुमचीच गोष्ट.

अहमदपूरच्या कचेरीत ईश्वरप्पा, म्हणजे आमचे दाजी, जमीन मोजणीचे कारकून होते. लग्नाला आठ महिने झाले तरी त्यांची बायको उमाबाई, म्हणजे माझी अक्का, बार्शीहून नांदायला येईना. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, अहमदपूर निजामाच्या मोगलाईत. तिथली घरं ऐसपैस, मोगलाईतली कोंदट, असं तिचं ठाम मत. ईश्वरप्पांना वाटलं, मतच ना, मापानं खोडू.

मोजणीची सरकारी साखळी सरहद्दीच्या नाक्यापलीकडे नेली असती तर नोकरी गेली असती. म्हणून त्यांनी माप ठरवलं बाजेचं. घरात जितक्या बाजा मावतील तितकं घर मोठं. बाज काय, कुठल्याही मुलखात मिळते. ओझं वाहायला नको.

अहमदपूरचं घर भरलं नऊ बाजा, बार्शीचं सात, आणि अक्कलकोट संस्थानातल्या मावशीचं तेवीस. मावशीच्या घरात दोघांनी एकदम आळस देऊ नये एवढीच जागा. पण तिच्याकडे एकच बाज होती, तान्ह्या नातवाची. ईश्वरप्पा आकड्यानं इतके दिपले की संस्थानात बदली होते का, तेही विचारून आले.

तांबड्या शाईनं आखलेला तीन मुलखांचा तक्ता पाहून अक्का निमूट निघाली. अहमदपुरात पोचून बाजेवर आडवी झाली, तर पोटऱ्यांपासून पाय बाहेर.

"तुमच्या मुलखात माणसं घडी घालून झोपतात का?"

महेबूब सुतार समोरच राहायचा. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, लंबी बाज इथल्या दारातून वळतच न्हाई. घर बघून बाज करावी लागते. या गल्लीत कुणाचंबी घर मोजा, नऊच भरतंय."

अक्कानं पेटी उघडलीच नव्हती. ईश्वरप्पा उंबऱ्यावर बसले, तक्त्याची सुरळी करत हळू म्हणाले, "राहा. तुझ्या मापाची करून घेतो. लागलं तर दार फोडतो."

"बाज होईपर्यंत राहते," ती म्हणाली. "मग बघू."

दाजी, बार्शीच्या बाजेची लांबी सुतळीला गाठ मारून पाठव, असं तुम्ही मला कळवलंत. अक्का एकतीस वर्षं तिरपी झोपली. ती सुतळी मी पाठवलीच नाही, तिनं लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर दादरा बांधला.