मुरवलेले टायर

टेंभरेभाऊंच्या दुकानात गाडी नेली की ते आधी माणसाशी बोलत नसत. खाली बसून टायरमध्ये अंगठ्याचं नख रोवत, बाजूवरचे आकडे वाचत आणि मान वर न करता विचारत, "आखरी कवा चालवली होती?" डॉक्टरांनी जीभ पाहावी तसं त्यांचं चालायचं.

दुकान गावाबाहेर कुडव्याला, नागपूरच्या रस्त्याला लागून. आत त्यांची बायको बसायची. वहिनींचा डावा हात अधू होता. एकाच हातानं त्या आल्यागेल्याला चहा द्यायच्या. हात असा कशानं झाला, हे विचारायचं माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

माझ्याकडे दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार आहे. महिन्यातून एखाद-दोनदा बाहेर काढायची, बाकी दिवस झाकून ठेवायची. बायको तिला सवत म्हणते. आमचा धंदा तांदळाचा. तांदूळ मुरला की भाव खातो, हे आमच्या रक्तातच. त्यामुळे आठ वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाला तेव्हा टायरचा एक जादा संच घेऊन मी गोदामात पोत्यांमागे ठेवून दिला होता. गाडीच्या टायरांना चिरा पडल्या तेव्हा तोच कोरा करकरीत संच मोठ्या ऐटीत भाऊंकडे नेला.

भाऊंनी नख रोवलं. रुतलं नाही.

"फेकून द्या."

"अहो, एक किलोमीटर चालले नाहीत!"

"चालले नाई, पण बुढे झाले ना! बसल्या बसल्या रबर कडक होते. हे चार आकडे पाहा, कवा बनला ते लिवलं हाये. पहिले दोन हप्ता, मागचे दोन साल. तांदूळ मुरवता तसे टायर मुरवले काय तुमी?"

माझा चेहरा पडला. मग निदान शर्यतीच्या गाड्यांना असतात तसले मऊ, महागडे तरी द्या, असं मी म्हणालो.

"कायले? तुमची गाडी महिन्यातून दोनदा निघते. टायर घासून नाई, वयानं मरतीन. याच सालचे, पावसात रस्ता धरणारे चांगले घ्या. अन् सहा वर्सांनी बदला, नवे दिसले तरी."

हा आपला माल खपवायला बघतोय, असं मला वाटलं आणि मी ते तोंडावर बोललो. मी दुसऱ्या दुकानात जाऊन गोदामातलेच टायर बसवून घेतले.

दोन दिवसांनी भाचीच्या लग्नाला नागपूरला निघायचं होतं. बायको पैठणी नेसून बाहेर आली, तर अंगणात भाऊ उभे आणि गाडी चारही चाकांवर बसलेली. हवा त्यांनीच सोडली होती. तेच टायर लावून आम्ही आज निघणार, ही खबर त्यांना दुसऱ्या दुकानातून लागली होती. मी त्यांना नाही नाही ते बोललो. लिहायलाही लाज वाटते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोलिसात द्या मले," ते म्हणाले, "पण ताईले यात बसवू नका. मी माझीले बसवलं होतं. दुकानात पडून असलेला टायर, नवाच दिसून राहिला म्हणून आपल्याच गाडीले लावला. देवरीजवळ फुटला. तिचा हात पाहता ना तुमी?"

बायको गाडीपासून बाजूला सरली. आम्ही रेल्वेनं गेलो. मुहूर्त हुकला, पंगत तेवढी मिळाली.

परत आल्यावर भाऊंनी सांगितलेलेच टायर बसवून घेतले. माफी मागायला लागलो तर म्हणाले, "माफी कायची? लांब गेले की घरी आल्यावर फोन करत जा. 'पोहोचलो', एवढंच."

तेव्हापासून मी फोन करायचो. ते "बरं झालं" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. गेल्या हिवाळ्यात भाऊ अचानक गेले. पाठचा भाऊ गेल्यासारखं वाटलं मला.

परवा आम्ही दोघं गाडी घेऊन नागपूरला जाऊन आलो. आता फोन कुणाला करायचा, म्हणून केला नाही. अंधार पडता पडता भाऊंच्याच नंबरवरून फोन आला. पलीकडे वहिनी होत्या.

"भाऊ, सकाळी तुमची लाल गाडी जाताना पाहिली. मी केव्हाची फोनजवळ बसून राहिली. काऊन नाई केला?"

"पोहोचलो, वहिनी," मी कसंबसं म्हणालो.

"बरं झालं," म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.