घासलेली बाजू

"आधी घासलेली बाजू दाखव."

ओढ्यात सापडलेला दात घेऊन कुणी व्हर्डी मॉपिनच्या अंगणात आलं, की ये-बस म्हणायच्या आधी ती हे म्हणायची. मग हात पुढे करायची. दात तळव्यावर आला की डोळे मिटायची आणि अंगठा फिरवायची. बाकीचे लोक दात बघतात, ती चाचपायची.

आमच्या मिसूरीच्या डोंगरांत चुनखडीच्या गुहा जागोजाग आहेत. बर्फाच्या काळात या भागात पेक्करींचे कळप हिंडायचे. दिसायला डुकरासारखे, पण कूळ वेगळं. ते कळप संपले त्याला हजारो वर्षं झाली. उरले ते गुहांच्या चिखलातले दात. पंचाईत अशी, की डुकरं आम्हीही पिढ्यान्‌पिढ्या पाळली, आणि साथीत मेलेली डुकरं त्याच गुहांच्या भगदाडांतून खाली लोटली. चिखलाने दोघांनाही सारखंच सांभाळलं.

व्हर्डीमावशी ही पारख कुठल्या शाळेत शिकली नाही. तालुक्याच्या कत्तलखान्यात तिने तीस वर्षं डुकरांची मुंडकी साफ केली. डुकराचं तोंड तिला स्वतःच्या तोंडापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून जो दात त्या तोंडातला नसे, तो तिच्या बोटाला लगेच खुपायचा. कॉलेजातली माणसं पुढे तिच्याकडे पेट्या घेऊन येऊ लागली. पेक्करीचा सुळा सरळ असतो आणि वरचा खालच्यावर घासून त्याची एक बाजू सपाट होते. डुकराचा सुळा बाहेर वळतो. हे तिने त्यांच्याही आधी हेरलं होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात टर्नबो ओढ्याकाठून नवा रस्ता यायचा होता आणि वाटेत मावशीची लाडकी गुहा होती. गुहेत खरोखर पेक्करी असेल तर रस्ता ओढ्यापलीकडून न्यायचा, नसेल तर सुरुंग लावायचा, असं ठरलं होतं. पुरावा एकच होता: अकरा वर्षांपूर्वी तिला तिथे मिळालेला, चुन्याची पुटं चढलेला एक सुळा. कॉलेजने तो साफ करून परत पाठवला. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, 'टोक तुटलं आहे, आम्हाला खात्रीने सांगता येत नाही. तुम्ही पुन्हा पाहा. तुमचा शब्द आम्ही मानू.'

मी तिचा शेजारी. चष्मा तिच्या कामाचा राहिला नव्हता, म्हणून ते पत्र मीच वाचून दाखवलं. सकाळचे नऊ वाजले होते. रस्त्याचा मुकादम हॉलिस योकम पायरीखाली टोपी फिरवत उभा होता. गुहेच्या माथ्यावर सुरुंगाची भोकं पाडून झाली होती.

"काय म्हणतं कॉलेज?" हॉलिसने विचारलं.

"म्हणतं, व्हर्डीला विचारा," मी म्हणालो.

"मग विचारतोय. मावशी, माझी माणसं चार दिवस पत्ते कुटतायत. हो म्हणा, नाही म्हणा, पण म्हणा."

मावशीने डबी उघडली. सुळा तळव्यावर घेतला, डोळे मिटले. अंगठा मुळापासून वर सरकला, सपाट बाजूवर गेला आणि तिथे थांबला. पुन्हा मागे आला, पुन्हा गेला. मग तिने सुळा माझ्यापुढे धरला.

"अर्ल," ती मला म्हणाली, "इथे दोन्हीकडून चिमटल्यासारखी खूण आहे का रे?"

मी पाहिलं. होती. चुन्याची पुटं निघाल्यावर उघडी पडलेली, समोरासमोर दोन खाचा.

त्या खाचा आमच्यातल्या कुणीही ओळखल्या असत्या. नर डुक्कर वयात आला की त्याने माणूस फाडू नये म्हणून आम्ही पक्कडीने त्याचे सुळे छाटतो. मावशीचा बाप दोर धरायचा आणि पक्कड मावशी चालवायची. वळण छाटलं की उरलेला खुंट सरळ दिसतो. ज्या सपाटीला ती अकरा वर्षं घासलेली बाजू समजली, ती पक्कडीने केलेली होती.

मी हळूच म्हणालो, "हॉलिसला काय कळणार आहे? कॉलेज तुझा शब्द मानतंय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुमान माझी कॉफी उचलली.

"डुकराचा आहे, हॉलिस," ती म्हणाली. "माझी चूक झाली."

हॉलिसलाच अवघडल्यासारखं झालं. टोपी डोक्यावर चढवत तो म्हणाला, "मग बाराला बार उडवतो."

"बारापर्यंत गुहा आहे ना?"

"बाराला दहा कमी असताना तुम्ही बाहेर हव्यात. ओढत आणायला लावू नका मला."

"तुझ्या बापालाही मला ओढता आलं नव्हतं. नाचाच्या रात्री मला नाचात ओढायला खूप धडपडला होता."

कंदील, बादली आणि चाळणी घेऊन आम्ही आत शिरलो. त्या गुहेच्या आतल्या दालनात कायम पाणी असे, म्हणून तिथे कुणी कधी खणलं नव्हतं. पण तो उन्हाळा कोरडा गेला होता आणि पाणी मागे हटलं होतं. उघड्या पडलेल्या लाल चिकणमातीत मावशी गुडघ्यांवर बसली, सत्तर वर्षांच्या गुडघ्यांवर, आणि बोटं खुपसू लागली. मी चाळत होतो. डोक्यावरच्या दगडातून माणसांच्या बुटांचा आवाज येत होता. भोकांत दारू ठासत असणार.

वरच्या थरात डुकराची एक मोठी दाढ मिळाली. तिने ती खिशात टाकली. दहा वाजले. मग अकरा. मातीत गारगोट्या, वटवाघळांची हाडं, पुन्हा गारगोट्या. साडेअकराला मी म्हणालो, "मावशी, चल." कोपरापर्यंत हात घालून ती एका जागी थांबली होती, जसं विताना अडलेल्या गाईच्या पोटात थांबतात.

"कंदील नको," ती म्हणाली. "मला बघायचं नाहीये."

हात बाहेर आला. मुठीत काय आहे ते तिने मला दाखवलं नाही.

बाहेर हॉलिस घड्याळ हातात धरून उभा होता. तारा जोडून झाल्या होत्या.

"मिळाली," मावशी म्हणाली. "पेक्करीची दाढ."

हॉलिसने सुस्कारा सोडला. "मावशी, सकाळी तुम्हीच म्हणालात की चुकले. आता कुठल्या तोंडाने मी वर कळवू? अकरा वर्षं डुकराला पेक्करी म्हणत होतात."

तेवढंच तिला लागलं. मूठ तशीच मिटून तिने विचारलं,

"तू डुकरं पाळतोस ना?"

"चाळीस आहेत."

"डोळे मीट. हात पुढे कर."

ड्रिल चालवणारी दोन पोरं हसली. हॉलिसने त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि डोळे मिटले. मावशीने आधी खिशातली दाढ त्याच्या तळव्यावर ठेवली.

"अंगठा फिरव. काय लागतंय?"

"गाठी. पसाभर वाटाणे थापल्यासारखं. ही डुकराची, यात काय सांगायचं?"

तिने ती उचलली आणि दुसरी ठेवली. हॉलिसचा अंगठा फिरला, थांबला आणि परत फिरला. पोरं हसायची थांबली.

"दोन धारा आहेत," तो सावकाश म्हणाला. "आडव्या. नांगरटीच्या वरंब्यांसारख्या. आणि मध्ये खोल सरी."

"तुझ्या चाळिसातल्या एकाच्या तरी तोंडात असं आहे?"

त्याचा अंगठा पुन्हा त्या सरीत उतरला. बाराला चार मिनिटं कमी होती. मग डोळे न उघडताच त्याने पोरांना सांगितलं, "तारा सोडवा. कॉलेजचा माणूस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मावशीने सकाळचा सुळा डबीसकट माझ्या हाती दिला. "हाही त्यांच्याकडे पाठव. डबीवरच्या चिठ्ठीवर माझं नाव राहू दे. पेक्करी खोडून डुक्कर लिही."

"नाव तरी काढू का?"

"माझी चूक आहे ती. दुसऱ्या कुणाची का होईल?"

रिकामी बादली उचलून ती ओढ्याच्या पायवाटेला लागली. झगा गुडघ्यांपर्यंत लाल चिखलाने माखला होता. ती एका पायाने लंगडत होती, आणि मागे वळून बघायची तिला सवयच नव्हती. तारा गुंडाळता गुंडाळता पोरं बघत होती, मी डबी धरून बघत होतो. हॉलिसने आता डोळे उघडले होते, पण दाढेकडे त्याचं लक्ष नव्हतं. अंगठा तेवढा त्या सरीत तसाच फिरत होता, आणि ती वळणाआड जाईपर्यंत तो तिच्याकडे बघत उभा होता.